चार चाकांची खरेदी

आमच्या घरांत कोणतीहि मोठी खरेदी एकट्यादुकट्याच्या मर्जीनें होत नाहीं. कपाट घ्यावयाचें असो, मुलांची शाळा ठरवावयाची असो किंवा देवघरांतील समई बदलावयाची असो, रात्रीं जेवणें आटोपलीं कीं माजघरांत बैठक बसते आणि जो तो आपलें मत मांडतो. अकरा माणसांच्या कुटुंबांत मतें मात्र पंधरासोळा निघतात, कारण आमच्यापैकीं कांहींजणांस दोन्ही बाजूंनीं बोलण्याची संवय आहे. तरीहि २०२३ सालीं एक खरेदी या बैठकीस वळसा घालून झाली, आणि ती करणाऱ्यास आमची फूस होती. ही हकीकत वाचकांपुढें ठेवतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु ज्या घरांत तरुण मुलें आहेत व दारांत मोटार उभी आहे, त्या घरीं हा प्रसंग आज ना उद्यां येणारच, म्हणून लिहितों.

आमची मोटार म्हणजे मारुती सुझुकीची स्विफ्ट, आणि तीहि त्या जातींतली सर्वांत स्वस्त. तिला कारखान्यांतून आलेलीं १४ इंची काळीं पोलादी चाकें होतीं व त्यांवर राखी रंगाचीं प्लास्टिकचीं झांकणें. त्यांतलें एक झांकण खोपोलीच्या रस्त्यावर कोठेंतरी उडून गेलें, आणि तेव्हांपासून आमच्या पुतण्यास ती मोटार एका कानाची बुगडी हरवलेल्या बाईसारखी दिसूं लागली. तो नुकताच बेलापूरच्या एका कचेरींत नोकरीस लागला होता. पहिल्या चार पगारांतून त्यानें पैसे सांठविले व मिश्रधातूचीं चाकें, ज्यांस बाजारांत नुसतें 'अलॉय' म्हणतात, तीं पाहावयास प्रारंभ केला. एका दुकानीं त्यास १६ इंची चार चाकें १९,००० रुपयांस मिळत होतीं. काळीं कुळकुळीत, कडेनें तांबडी रेघ, आणि मध्यभागीं एका नामांकित परदेशी कारखान्याच्या नांवाहून एकाच अक्षरानें निराळें असलेलें नांव. त्याच भिंतीवर दुसरा एक जोड टांगलेला होता, त्याची किंमत ३८,००० रुपये. दुकानदारानें सांगितलें, "दोन्ही ॲल्युमिनियमच. वरचे पैसे नांवाचे."

हें वाक्य पुतण्यानें आम्हांस येऊन सांगितलें तेव्हां तें आम्हांस तत्काळ पटलें. नांवाचे पैसे द्यावयाचे नाहींत हा आमच्या घराण्याचा जुना बाणा आहे. आम्हीं त्यास आमच्याकडून ५,००० रुपये दिले. "अण्णांना इतक्यांत सांगूं नका, काका," एवढेंच तो म्हणाला, आणि आम्हीं तें वचन पाळलें. अण्णा म्हणजे आमचे थोरले बंधु. तळोजें येथील एका कारखान्यांत ओतकामाच्या खात्यांत त्यांचीं ३१ वर्षें गेलीं. ज्या एका माणसास विचारावयाचें, त्याच माणसापासून गोष्ट लपवावयाची, असा हा आमचा व्यवहार झाला.

येथें तरुणांच्या बाजूनें एक शब्द बोललें पाहिजे. चाकाची हौस ही कांहीं आजची उठाठेव नव्हे. आमचे आजोबा बैलांचीं शिंगें रंगवीत, गळ्यांत घांट्या बांधीत, आणि त्यांस कोणी उधळ्या म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. ॲल्युमिनियमचीं ओतीव चाकें प्रथम गाजलीं तीं १९२४ सालीं, बुगाटी या कारखान्याच्या 'टाइप ३५' नामक शर्यतीच्या मोटारीवर. त्या वेळीं हेतु वजन कमी करण्याचा होता, पण तीं दिसतहि सुंदर होतीं, आणि पुढील शंभर वर्षें सामान्य माणसानें त्यांच्या सौंदर्याचेंच अनुकरण केलें. नवीं चाकें बसवून मोटार आळींत आली त्या संध्याकाळीं आम्ही स्वतः दोनदां कांहीं निमित्त काढून खालीं जाऊन तिच्याकडे पाहून आलों.

मात्र मोटार तासास ८० किलोमीटरांच्या पुढें गेली कीं सुकाणूचें चक्र हातांत थरथरूं लागे. पुतण्या म्हणे, रस्ता खराब आहे. पनवेलकरांस हें कारण नेहमींच पटतें.

त्या वर्षीं गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती. आमचें मूळ घर महाडाजवळ. गणपति तेथेंच बसतो. दोन दिवस आधीं, दुपारनंतर, आम्ही पनवेलहून निघालों. गाडी पुतण्या चालवीत होता, शेजारीं आम्ही, आणि मागें आई, वहिनी व आमची धाकटी मुलगी. आईचें वय ८२. पूजेच्या चांदीच्या उपकरणांची पेटी ती कोणाच्याहि हातीं देत नाहीं, ती तिच्या मांडीवर. पळस्पे फाट्यापासून सुरू होणाऱ्या त्या रस्त्याची कथा कोंकणांत जाणाऱ्यांस सांगावयास नको. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरांचा टप्पा चौपदरी करण्याचें काम २०११ सालीं हातीं घेतलें, आणि बारा वर्षांनंतरहि त्यावरून जातांना आमच्या घरांत कोणी गप्पा मारीत नसे, सर्वजण रस्ता पाहत. पेण, वडखळ, नागोठणें गेलें. कोलाडच्या अलीकडे अंधार पडला आणि पाऊस आला. पावसाच्या पाण्यानें भरलेला खड्डा आणि नुसतें सांचलेलें पाणी यांत रात्रीं फरक दिसत नाहीं. डाव्या बाजूचें पुढचें चाक धाडकन आदळलें. पुढच्याच क्षणीं गाडी डावीकडे ओढूं लागली. पुतण्यानें घाबरून ब्रेक दाबला नाहीं, चक्र घट्ट धरून ठेविलें, व गाडी हळूहळू कडेच्या चिखलांत उभी केली. इतक्यांत मागून येणारा एक मालाचा ट्रक शिंग वाजवीत आमच्या इतक्या जवळून गेला कीं त्याच्या चाकांचें पाणी आमच्या कांचांवर भिंतीसारखें कोसळलें. मागें आईनें काय झालें म्हणून विचारलें नाहीं. पेटीवरचे तिचे दोन्ही हात मात्र आम्हीं आरशांत पाहिले.

उतरून पाहिलें तों हवा नुसती गेली नव्हती. चाकाच्या आंतल्या कडेचा वीतभर तुकडा तुटून टायरच्या पोटांत पडला होता. स्टेपनी होती, तीहि जुनी पोलादी, पूर्ण मापाची. परंतु आतां खरी गंमत. नव्या चाकांच्या नटांचीं भोकें अरुंद, म्हणून दुकानदारानें सोबत बारीक, खोबणीचे, चकचकीत नट दिले होते. साधा पाना त्यांवर बसत नाहीं. त्यास एक निराळी किल्ली लागते. ती बोटभर किल्ली पनवेलच्या घरीं, पुतण्याच्या मेजाच्या खणांत, तिच्या मूळ पिशवीसकट सुरक्षित होती.

दोन तास गेले. शेवटीं कोलाडच्या बाजूनें एक पंक्चर काढणारा मोटारसायकलवरून आला. त्यानें एक जुना पाना त्या नटांवर हातोड्यानें ठोकून बसविला आणि एकेक नट सोडविला. तुटलेल्या चाकाकडे विजेरीच्या उजेडांत पाहून तो म्हणाला, "साहेब, लोखंडी असतं तर वाकलं असतं. चार हातोडे मारले असते की घरापर्यंत गेला असतात. हे असलं तुटतंच." त्याचे पैसे आम्हीं तो मागेल तेवढे दिले. उरलेल्या वाटेंत कोणी बोललें नाहीं. महाडच्या घरीं पोहोंचल्यावर पुतण्या जेवला नाहीं, आणि आम्ही त्यास जेव म्हणूं शकलों नाहीं, कारण त्या १९,००० रुपयांतले ५,००० आमचे होते.

गणपति विसर्जन करून परत आल्यावर तें चाक माजघरांत अण्णांपुढें ठेवण्यांत आलें. अण्णा रागावतील या अपेक्षेनें आम्ही दोघेहि तयारींत होतों. त्यांनीं चष्मा लावला, तुटलेली कड उजेडाकडे धरली, नखानें खरवडून पाहिली, आणि म्हणाले, "मला एकदां दाखवायचं होतंस रे." पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलें. रागावण्याचा विषय तेथेंच संपला, आणि अण्णांची शिकवणी सुरू झाली. ती रात्रीं साडेअकरापर्यंत चालली. तिचें सार जमेल तसें देतों.

तुटलेल्या पृष्ठभागावर टांचणीच्या टोंकाएवढीं पुष्कळ भोकें दिसत होतीं, जाळीदार घावनासारखीं. अण्णांनीं सांगितलें कीं वितळलेलें ॲल्युमिनियम हवेंतील ओलाव्यांतून हायड्रोजन वायु शोषून घेतें व थिजतांना तो सोडून देतें. तो वायु आधींच काढून टाकला नाहीं तर त्याचे बुडबुडे धातूंत अडकून राहतात. चांगल्या चाकाचा रस मोजूनमापून केलेला असतो, त्यांत शेंकडा सुमारें ७ भाग सिलिकॉन आणि तिसऱ्या हिश्शाएवढा भाग मॅग्नेशियम. भंगार वितळवून केलेल्या रसांत लोह जास्त शिरलें तर तें सुईसारख्या ठिसूळ कणांच्या रूपानें बसतें आणि तडा त्या सुयांच्या वाटेनें जातो. शिवाय चाक ओतून झालें म्हणजे काम संपत नाहीं. तें सुमारें ५४० अंश सेंटिग्रेडपर्यंत कांहीं तास तापवून पाण्यांत विझवावें लागतें, आणि मग पुन्हा दीडशेंच्या आसपास बराच वेळ ऊब द्यावी लागते. लोहार कोयत्यास पाणी देतो, त्याच प्रकारची ही गोष्ट. यांत वीज जळते, वेळ जातो, आणि केलें काय, न केलें काय, दुकानाच्या भिंतीवर चाक सारखेंच दिसतें.

"दोन्ही ॲल्युमिनियमच," आम्ही दुकानदाराचे शब्द पुटपुटलों.

"हो," अण्णा म्हणाले, "आणि आपल्या सौ. वहिनींचा भात नि खानावळीचा भात, दोन्ही तांदूळच."

मग अण्णांनीं तें चाक व माळ्यावरचें जुनें पोलादी चाक, दोन्ही टायर काढून, खालच्या रद्दीवाल्याच्या कांट्यावर ठेवविलीं. १४ इंची पोलादी भरलें ७ किलोला थोडें कमी. १६ इंची नवें, तुटलेल्या तुकड्यासह, साडेनऊ किलो. हलकेपणासाठीं म्हणून जगानें जें चाक काढिलें, तें आमच्या घरीं लोखंडाहून जड निघालें. अण्णांस याचें नवल वाटलें नाहीं. ज्याचा धातूवर भरंवसा नसतो तो जाडी वाढवितो, असें ते म्हणाले. थरथरीचेंहि कारण निघालें. आमच्या मोटारीचा मधला तुंबा ५४.१ मिलिमीटरांचा, आणि या चाकाचें मधलें भोक ७३ मिलिमीटरांचें, कारण एकच साचा दहा जातींच्या मोटारींस चालावा. मधली फट भरून काढणारें एक कडें मिळतें. तें दुकानदारानें दिलें नव्हतें आणि आम्हांस मागावयाचें ठाऊक नव्हतें. चाक केवळ चार नटांवर, जरासें तिरपें, लोंबकळत होतें.

अण्णांनीं सर्व दोष चाकावर मात्र टाकला नाहीं. पूर्वींच्या १४ इंची टायरची रबराची भिंत १३२ मिलिमीटर उंच होती. १६ इंची चाकावरच्या १९५/५५ मापाच्या टायरची केवळ १०७. बाहेरून पाहतां दोन्ही चाकांचा घेर जवळजवळ सारखा, पण धातु व खड्डा यांच्यामधली बोटभर गादी आपण हौसेनें कापून टाकली होती. खड्डा पुरेसा खोल असेल तर उत्तम चाकहि तुटतें, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. "दोष निम्मा चाकाचा, निम्मा टायरचा आणि निम्मा रस्त्याचा," असा त्यांचा हिशोब होता, व तीन निम्मे कसे, हें विचारण्याचें धैर्य त्या रात्रीं कोणास झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या दुकानीं गेला. दुकानदारानें तुटलेल्या चाकाच्या जागीं तसलेंच दुसरें निम्म्या किंमतीस देऊं केलें. घरीं पुन्हा बैठक बसली, या वेळीं रीतसर. वहिनी म्हणाल्या, माळ्यावरचीं जुनीं चाकें फुकट आहेत, तींच लावा आणि विषय मिटवा. आमच्या मधल्या बंधूंचें म्हणणें याच्या अगदीं उलट. घ्यावयाचें तर जगांतलें उत्तम घ्यावें. त्यांनीं घडीव चाकांची माहिती काढली होती. हीं ओतीत नाहींत. धातूचा गोळा प्रचंड दाबाखालीं घडवून करतात, त्यांत बुडबुड्यास जागाच राहत नाहीं, आणि वजन फार कमी बसतें. जर्मनींतील शिल्टाख गांवीं १९७० सालीं निघालेल्या बीबीएस या कारखान्याचें नांव त्यांनीं मोठ्या आदरानें उच्चारलें. शर्यतींच्या मैदानावर त्या नांवाचा दबदबा खराच. त्या कारखान्यावर दिवाळखोरीची पाळी एकदां नव्हे, अनेकदां आली हेंहि तितकेंच खरें. असल्या एका चाकाच्या किंमतींत आमच्या मोटारीचे चारहि टायर येऊन वर दिवाळीचा फराळ झाला असता. पळस्प्यापासून महाडपर्यंत शर्यत कोणाशीं लावावयाची, हा वहिनींचा प्रश्न निरुत्तर राहिला.

राहतां राहिलें तें मधलें चाक, भिंतीवरचें ३८,००० रुपयांचें. एकोणीस आणि अडतीस यांतला हा एकोणीस हजारांचा फरक खरोखरच नांवाचा कीं आणखी कशाचा, हा बैठकीपुढचा मुख्य मुद्दा होता.

अण्णांनीं नोकरींत असतां चाकांच्या चाचण्या पाहिल्या होत्या. तीन प्रकार ते सांगतात. एकींत चाक फिरत्या यंत्रास जखडून, वळणावर जसा ताण येतो तसा सारखा वाकवीत राहतात, लाखों फेरे होईपर्यंत. दुसरींत टायर चढवून, नेहमींच्या भाराहून कितीतरी अधिक भार घालून, मोठ्या पिंपावर पळवितात. तिसरी सर्वांत क्रूर. चाक १३ अंशांनीं कलतें ठेवून त्याच्या कडेवर वजन टाकतात. हें वजन चाकाच्या कमाल भाराच्या सहा दशांशांत १८० किलो मिळवून ठरवितात. म्हणजे चाकाचा भार ४०० किलोंचा असेल तर ४२० किलोंचा ठोकळा, २३० मिलिमीटर उंचीवरून. आरे तडकतां कामा नयेत, हवा एकदम जातां कामा नये. ज्या चाकाची ही परीक्षा होते तें पुढें कोणास विकीत नाहींत. तें भंगारांत जातें. चांगल्या चाकाचे आपण जे वरचे पैसे देतों, त्यांतला बराचसा भाग त्या न विकलेल्या, मुद्दाम मोडून पाहिलेल्या भावंडांचा असतो. दुकानांत तीं भावंडें दिसत नाहींत, म्हणून दुकानदार त्यास नांवाचे पैसे म्हणतो.

या सर्व चर्चेच्या वेळीं आमच्या मनांत राहून राहून एक निराळाच विचार येत होता. ज्या गांवांत बसून आम्ही चाकांचा काथ्याकूट करीत होतों, तें गांव एके काळीं चाकांसाठींच प्रसिद्ध होतें. एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीचीं चाकें करण्याचाच उल्लेख आहे. घाटावरून उतरणारा गाडीवान येथून एकदोन जोड घेतल्याशिवाय परतत नसे. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, घाटावरचा माल पनवेल बंदरावर येऊं लागला, आणि परतीच्या वाटेवर तो सबंध घाट चढावयाचा असल्यामुळें चाकांची परीक्षा येथेंच होई. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरची लोखंडी धाव. धाव तापवून लाल करावयाची, चाकावर चढवावयाची आणि पाणी ओतून आंवळावयाची. तें थंड होतांना लांकूड कसें करकरतें तें कान देऊन ऐकावयाचें. गाडीवानास धातुशास्त्र येत नव्हतें. पण सुतार त्याच्या समोर बसलेला होता, आणि चाक घाटांत मोडलें तर पुढच्या खेपेस तो गाडीवान त्याच सुताराच्या दारांत येऊन उभा राहणार, हें दोघांसहि ठाऊक होतें. आमच्या तांबड्या रेघेच्या चाकाचा सुतार कोण, कोणत्या देशांत, हें दुकानदारासहि सांगतां येत नव्हतें.

सुताराच्या तोंडाऐवजीं आतां चाकाच्या पाठीवरच्या खुणा वाचावयाच्या. अण्णांनीं त्या पुतण्यास शिकविल्या. 'जेडब्ल्यूएल' ही जपानच्या मानकाची खूण. पण ती कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर घालतो. तिच्याबरोबर 'व्हीआयए' असेल तर तिऱ्हाइतानें तपासणी केली असा अर्थ. आपल्याकडे २०२० सालीं केंद्र सरकारनें मोटारींच्या चाकांस भारतीय मानकाचें बंधन घालणारा हुकूम काढला, तें मानक आयएस १६१९२. पुण्यास १९६६ सालापासून असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांची व त्यांच्या भागांची तपासणी करते. अर्थात् अक्षरें साच्यांत कोणासहि कोरतां येतात, ओतकामाच्या माणसाइतकें हें कोणास ठाऊक! म्हणून नुसती खूण पाहून न थांबतां चाकाचा कमाल भार कोरला आहे का तें पाहावें, आणि दुकानदाराकडे त्या नमुन्याचा चाचणीचा दाखला मागावा. दाखला नाहीं म्हणणारा दुकानदार वाईट नव्हे, हंसणारा वाईट. आमच्या तुटलेल्या चाकाच्या पाठीवर मापाखेरीज कांहीं नव्हतें.

मापाचा प्रश्न अण्णांनीं एका वाक्यांत सोडविला. आमच्याच मोटारीच्या महागड्या भावंडास कारखानाच १५ इंची चाकें व १८५/६५ चे टायर लावतो, तेंच आपण घ्यावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनांत मनमानी फेरफार करूं देत नाहीं, तेंहि सांभाळलें जातें, आणि रबराची भिंत १२० मिलिमीटर राहते. पुतण्या थोडा हिरमुसला. १५ इंच म्हणजे तडजोड, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. तेव्हां आई, जी इतका वेळ वाती वळीत होती, एवढेंच म्हणाली, "त्याला आवडतील अशी घ्या रे. चालवायची त्याला आहे." नक्षी निवडण्याचा अधिकार त्यामुळें निर्विवादपणें त्याच्याकडे गेला.

पावसाळा संपेपर्यंत जुनीं पोलादी चाकेंच राहिलीं. तीं कुरूप होतीं आणि एकदां नेऱ्याच्या रस्त्यावर त्यांतलें एक वाकलेंहि. शंभर रुपयांत ठोकून सरळ झालें. पावसाळ्याचे चार महिने तींच वापरावीं आणि अलॉय केवळ उन्हाळ्या-हिवाळ्यांत, असाहि एक पक्ष घरांत अजून आहे, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही त्याच पक्षाचे आहों. परंतु वर्षांतून दोनदां चाकें बदलण्याचा उत्साह ज्याच्या अंगीं आहे, तो तरुण दुसऱ्या पक्षाचा आहे.

दसऱ्यास नवीं चाकें आलीं. दुकान निराळें, आणि दाखला तेथील मुलानें न हंसतां काढून दाखविला. १५ इंची चार चाकांस ३६,५०० रुपये पडले. रुपेरी रंग, पांच जोड आरे, तांबडी रेघ नाहीं. पाठीवर भार कोरलेला, मधलें भोक तुंब्याच्या मापाचें कडें घालून बरोबर केलेलें, आणि वजन रद्दीवाल्याच्या कांट्यावर साडेसहा किलो. अण्णांनीं नट आडवेतिडवे, म्हणजे समोरासमोरच्या जोडीनें, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें पुतण्याकडून आंवळवून घेतले आणि पन्नास किलोमीटर झाल्यावर पुन्हा आंवळावयाचे असें बजावलें. त्या खरेदींतहि आमचे ५,००० होते, या वेळीं सर्वांदेखत. जुन्या तीन धड चाकांचें काय करावयाचें यावर थोडा वाद झाला. कोणी घेऊं म्हणत होतें. परंतु जें आपण आपल्या आईखालीं ठेवणार नाहीं तें दुसऱ्याच्या आईखालीं कसें ठेवावयाचें, म्हणून पुतण्यानें तीं स्वतः कळंबोलीच्या भंगारवाल्याकडे नेऊन डोळ्यांदेखत फोडवून घेतलीं. आलेले पैसे त्यानें कोणास सांगितले नाहींत. फार नसावेत.

आतां ८० च्या वेगास चक्र हातांत स्थिर राहतें. नव्या चाकांचे नट साध्या पान्यानें सुटतात, निराळी किल्ली लागत नाहीं. हें आईला आम्हीं दोनदां व पुतण्यानें एकदां समजावून सांगितलें. तरीहि पुढील वर्षीं गणपतीला निघतांना तिनें ती जुनी, आतां कोणत्याच नटाला न लागणारी किल्ली मागून घेतली, आणि पेटीशेजारच्या आपल्या बटव्यांत, सुपारीच्या पुडीखालीं, ठेवून दिली.